‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ : एका ध्वनिमुद्रिकेची घडण

एखादी कलाकृती कशी घडली हे कळल्याने तिच्या आस्वादात भर पडते की उणेपणा येतो, हा वाद जुना आहे. कवीच्या चोपड्या, खोडलेल्या ओळी, मित्रांनी केलेल्या सूचना यांच्याशी रसिकास काय कर्तव्य, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आणि एरवी आम्हीही त्यांच्याच पक्षाचे. परंतु काही कृती अशा असतात की, त्यांच्या गुणांचे आणि दोषांचेही मूळ त्यांच्या घडणीतच सापडते. ‘रेड हॉट चिली पेपर्स’ या अमेरिकन बँडने १९९१ साली प्रसिद्ध केलेली ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ ही ध्वनिमुद्रिका आमच्या मते या जातीची आहे. तिचे नाव वाचूनच काही वाचक पान उलटतील, हे आम्ही जाणतो. त्यांस एवढीच विनंती की, नावावरून निकाल देऊ नये. त्या नावाचा समाचार आम्हीही पुढे घेणार आहोत.

प्रथम या संगीताविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ‘फंक’ ही पद्धती १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकारांनी घडविली. जेम्स ब्राउन हा तिचा अध्वर्यू. या संगीतात चालीपेक्षा लयीचा मान मोठा. चार मात्रांतील पहिली मात्रा सर्वांनी मिळून ठासून मांडावयाची, आणि मग बेस गिटार, ड्रम, गिटार यांनी आपापले लहान लहान तुकडे असे विणावयाचे की, एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने भरावी. समेचे महत्त्व ज्यांच्या कानांत मुरले आहे त्यांस हे समजण्यास अडचण पडू नये. भेद इतकाच की, येथे दीर्घ विस्तारानंतर येणारी सम नाही, ती चार चार मात्रांनी पुन्हा पुन्हा येतच राहते. तात्पर्य, सोडलेली जागा हा या संगीताचा प्राण आहे. जो वादक सर्वच जागा आपण भरू पाहतो, तो फंकचा वेग वाढवीत नाही, त्याचा श्वास कोंडतो.

१९८३ साली लॉस एंजेलिस शहरात स्थापन झालेल्या या बँडने फंक आणि रॉक यांची सांगड घातली. १९८५ साली त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली, तिचा निर्माता तर फंकमधील थोर पुरुष जॉर्ज क्लिंटन हा होता. परंतु १९८८ च्या जून महिन्यात त्यांचा गिटारवादक हिलेल स्लोव्हाक हेरॉईनच्या अतिसेवनाने मरण पावला आणि त्या धक्क्याने ड्रमवादक जॅक आयर्न्स बँड सोडून गेला. मागे राहिले गायक अँथनी कीडिस आणि बेसवादक मायकेल बाल्झरी, ज्यास सारे ‘फ्ली’ म्हणतात. त्यांस जॉन फ्रुशांते हा अवघा अठरा वर्षांचा गिटारवादक आणि चॅड स्मिथ हा ड्रमवादक येऊन मिळाले. या चौघांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘मदर्स मिल्क’ १९८९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्साह अमाप आहे, पण उसंत नाही. निर्मात्यास थरावर थर चढविलेली जाड, कर्कश गिटार हवी होती. फ्रुशांतेस ती मनापासून नको होती. फ्ली तारांवर अंगठ्याचे आघात करून आपले अचाट कसब दाखवीत होता. ऐकणारा थक्क होतो. पण थक्क होणे आणि रमणे यांत अंतर आहे.

अशा स्थितीत रिक रुबिन हा निर्माता त्यांस लाभला. १९८४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, न्यूयॉर्कमध्ये ‘डेफ जॅम’ ही ध्वनिमुद्रिकांची संस्था काढणाऱ्यांपैकी हा एक. निर्माता म्हणजे भांडवल घालणारा, असा आपल्याकडे चित्रपटांमुळे समज आहे. येथे त्याचा अर्थ वेगळा घ्यावयाचा. हा पुरुष बहुतांशी संपादकाचे काम करतो. रुबिनने सुचविले की, नेहमीच्या स्टुडिओत न जाता लॉरेल कॅनियनमधील एका जुन्या प्रशस्त वाड्यात ध्वनिमुद्रण करावे. वाड्यातच यंत्रे मांडण्यात आली. ब्रेंडन ओब्रायन याने ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू सांभाळली. तिघे जण तेथेच राहावयास गेले. वाड्यात भुते आहेत अशी वदंता असल्याने स्मिथ मात्र रोज मोटारसायकलवरून ये-जा करी. कीडिसने आपले गायन स्वतःच्या निजावयाच्या खोलीतच मुद्रित केले. रॉबर्ट जॉन्सन याचे एक जुने गीत तर त्यांनी रात्री उशिरा बाहेर टेकडीवर बसून मुद्रित केले. या दिवसांचे ‘फंकी मंक्स’ हे कृष्णधवल चित्रणही उपलब्ध आहे.

या वास्तव्याचे फळ काय? आमच्या मते एकच, पण मोठे: चौघेही गाळावयास शिकले. फ्लीने आपण पूर्वी फारच वाजवीत होतो हे ओळखून अंगठ्याचे आघात जवळजवळ सोडून दिले आणि थोडक्या स्वरांत गाणे तोलून धरले. फ्रुशांतेची गिटार येथे कोरडी आणि सडसडीत आहे. ती मधूनच एखादा तुकडा टाकते आणि गप्प राहते. ‘गिव्ह इट अवे’ हे गीत पाहावे. नीना हागेन या जर्मन गायिकेने कीडिसला आवडलेले आपले जाकीट सहज देऊन टाकले, आणि दिल्यानेच आयुष्य भरते असे त्यास सांगितले. त्यातून या गीताची कल्पना निघाली. त्यात बेस एकच वळण पुन्हा पुन्हा घेतो, आणि गिटारची स्वतंत्र फेरी येते तीही उलटी फिरविलेली. ‘ब्रेकिंग द गर्ल’ मध्ये सहा मात्रांचा झोका आहे, आणि मध्यभागी भंगारातून आणलेल्या लोखंडी तुकड्यांचा ताल आहे. कसब येथेही आहेच; पण ते मिरवीत नाही.

तथापि या पद्धतीचे खरे सार्थक झाले ते ‘अंडर द ब्रिज’ या गीतात. कीडिस १९८८ पासून व्यसनमुक्त होता. त्याचे सोबती मात्र गांजा ओढीत, आणि त्यामुळे आपल्याच मित्रांत तो एकाकी पडला होता. एके दिवशी मोटार हाकताना त्यास वाटले की, आता हे शहर तेवढे आपले सोबती उरले आहे. त्यातून एक कविता झाली. ती बँडच्या कामाची नव्हे, फारच हळवी आहे, अशा समजुतीने त्याने ती वहीतच ठेवली. रुबिनने वही चाळताना ती वाचली आणि सोबत्यांना दाखविण्याचा आग्रह धरला. कीडिसने संकोचत ती गाऊन दाखविली. शब्द दुःखाचे, म्हणून सूर किंचित उजळ असावेत असा विचार करून फ्रुशांतेने तिला साज चढविला. आरंभी एकटी गिटार येते, मग एकटा आवाज. बाकीची वाद्ये आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अखेरीस एक समूहगान उसळते, त्यात फ्रुशांतेची आई आणि तिच्या गायनमंडळातील मैत्रिणी गायल्या आहेत. ज्या पुलाखाली कधी काळी मादक द्रव्य मिळविण्यासाठी गायक गेला, त्या जागेची लाज या गीतात लपविलेली नाही आणि मिरविलेलीही नाही. १९९२ साली ते अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता-यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ज्या ओळी त्याने ‘आपल्या जातीच्या नव्हेत’ म्हणून बाजूस ठेवल्या होत्या, त्यांतच तो सर्वांत अधिक प्रकट झाला.

येथवर स्तुती झाली. आता दोषांकडे वळू. या ध्वनिमुद्रिकेत सतरा गीते असून ती सुमारे ७४ मिनिटे चालते. गाण्यातला एकेक स्वर ज्यांनी निवडून घेतला, त्यांस गाणी निवडताना तोच हात आवरता आला नाही. तिच्या नावात आणि कित्येक गीतांत जो कामुकतेचा भडकपणा आहे, त्याविषयी आमची तक्रार केवळ सोवळेपणाची समजू नये. आमचे म्हणणे असे की, तो भडकपणा कंटाळवाणा आहे. त्या गीतांत स्त्री कोठेच दिसत नाही. दिसते ती गाणाऱ्याची फुशारकी. ‘सर साय्को सेक्सी’ आठ मिनिटांहून अधिक काळ चालते. वाद्यांचा अखेरचा भाग सुंदर आहे, पण तेथवर पोहोचेपर्यंत शब्दांनी श्रोत्यास शिणविलेले असते. याहून आश्चर्य पुढेच आहे. याच वास्तव्यात ‘सोल टू स्क्वीझ’ नावाचे एक शांत, व्याकूळ गीत मुद्रित झाले होते. ते या संग्रहातून वगळण्यात आले, आणि १९९३ साली ‘कोनहेड्स’ या विनोदी चित्रपटाच्या गीतांत प्रसिद्ध झाले. फुशारकी राहिली आणि व्याकुळता गेली! वादक म्हणून हे चौघे बदलले होते. पण लोकांपुढे कोणत्या रूपाने उभे राहावे, याविषयीची त्यांची जुनी भीती अजून सुटली नव्हती, असेच यावरून दिसते.

त्या एकांताची किंमतही पडली. २४ सप्टेंबर १९९१ रोजी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि वाड्यात जे चौघांचे होते ते जगाचे झाले. फ्रुशांतेस हे यश सोसवले नाही. १९९२ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर ‘अंडर द ब्रिज’ सादर करताना त्याने ते असे काही बदलून वाजविले की, आपला घात झाला असे कीडिसला वाटले. त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या दौऱ्यातच त्याने बँड सोडला, आणि पुढची काही वर्षे स्लोव्हाकला ज्याने नेले त्याच हेरॉईनच्या विळख्यात काढली. याच ध्वनिमुद्रिकेत स्लोव्हाकच्या स्मरणार्थ ‘माय लव्हली मॅन’ हे गीत आहे, आणि त्यावर गिटार फ्रुशांतेची आहे. हे ध्यानात घेता ते आज ऐकताना मन अस्वस्थ होते. सुदैवाने तो त्यातून वाचला. १९९८ साली परतला आणि १९९९ च्या ‘कॅलिफोर्निकेशन’ मध्ये त्याची गिटार याहूनही मितभाषी झाली.

आम्ही ही ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकली ती विद्यार्थिदशेत, वसतिगृहातील एका मित्राच्या ध्वनिफितीवरून. त्या वेळी आम्हांस तिचा दणका आवडला होता, आणि ‘अंडर द ब्रिज’ लागले की आम्ही फीत पुढे सरकवीत असू. त्यानंतरचे आमचे आयुष्य बहुतेक विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात गेले. समासात ‘हे गाळा’ असे लिहिण्याची सवय हातास इतकी जडली आहे की, त्यात काही अवघड आहे असे आम्हांस कधी वाटलेच नाही. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने निबंध परत नेताना विचारले, “सर, गाळलेल्यातच माझे म्हणणे असेल तर?” उत्तर आम्हांस सुचले नाही. घरी येऊन आम्ही तिचा खोडलेला परिच्छेद आठवू लागलो, आणि तो आठवेना.

रुबिनचा मोठेपणा आम्हांस त्या दिवशी कळला. गाळण्याचे मर्म त्यास ठाऊक होते, हे तर खरेच. पण लेखकाने स्वतःच गाळलेले पान उलटून पाहण्याची तसदीही त्याने घेतली. ज्यांस या ध्वनिमुद्रिकेची ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनी सतराही गीते ऐकण्याचा अट्टाहास करू नये. ‘ब्रेकिंग द गर्ल’, ‘गिव्ह इट अवे’, ‘अंडर द ब्रिज’, ‘माय लव्हली मॅन’ ही ऐकावी, आणि त्यांच्या जोडीस वगळलेले ‘सोल टू स्क्वीझ’ ठेवावे. त्या विद्यार्थिनीस आम्ही निबंध पुन्हा आणावयास सांगितले आहे.