१९५६ : तीन संताप

जॉन ऑस्बोर्न यांचे 'लुक बॅक इन अँगर' हे नाटक ८ मे १९५६ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट रंगभूमीवर आले आणि 'संतप्त तरुण' हे बिरुद वाङ्मयव्यवहारात रूढ झाले. आपल्याकडील साठोत्तरी लेखकांना ते चिकटविण्याची हौस समीक्षकांनी पुष्कळ भागवून घेतली. परंतु ऑस्बोर्नच्या नायकाचे दुःख असे की, ज्याकरिता लढावे असे कार्यच उरलेले नाही. म्हणून तो घरच्या माणसांवर आग पाखडतो. त्याच साली मराठी मुलखात संतापाला कार्याची वाण नव्हती. तेव्हाच्या क्रोधाची तीन रूपे शब्दबद्ध होऊन आपल्यापुढे आहेत. मात्र ती वाङ्मय म्हणून वाचण्याचे आपल्या मनात येत नाही.

पहिले रूप आम्हां सरकारी नोकरांच्या जवळचे. चिंतामणराव देशमुख हे आय. सी. एस. परंपरेत मुरलेले, 'मेघदूता'चे मराठी भाषांतर करणारे गृहस्थ. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्यांच्या लोकसभेतील निवेदनाची बांधणी एखाद्या कसलेल्या टिपणीसारखी आहे. मंत्रिमंडळात विचार न होताच निर्णय जाहीर कसा झाला? मुंबईतील गोळीबारांची न्यायालयीन चौकशी का नाही? विशेषणांवर भिस्त नाही, दाखल्यांवर आहे. ज्याने दहा वर्षे फायली चाळल्या आहेत त्याला 'हा निर्णय कोणत्या बैठकीत झाला' या साध्या प्रश्नातील दाहकता निराळी सांगावी लागत नाही.

दुसरे रूप आचार्य अत्र्यांचे. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' निघाला आणि मराठी संताप चौकाचौकांत मोठ्याने वाचला जाऊ लागला. अतिशयोक्ती हा त्याचा प्राण. त्या लेखणीने माणसे रस्त्यावर आणली, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाय त्या संतापात डूख नव्हता. ज्या नेहरूंवर अत्र्यांनी कोरडे ओढले, त्यांच्याच निधनानंतर त्यांनी 'सूर्यास्त' लिहिले. तरीही माझे मत असे की, अत्र्यांचा क्रोध वाचकाला हसवून मोकळा करतो. प्रतिपक्षाची यथेच्छ फजिती झाली की वाचकाचे समाधान होते, आणि समाधान झालेला माणस अंक घडी करून ठेवतो. १ मे १९६० नंतर ते अग्रलेख वाचताना विनोद ताजा वाटतो, संताप मात्र संदर्भासह समजावून द्यावा लागतो.

तिसरे रूप सर्वांत खोल. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. धर्मांतर घडले १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास. एकवीस वर्षे थांबलेला हा क्रोध आहे! क्रोधाला षड्रिपूंत बसविणाऱ्या परंपरेला त्याचे हे रूप ठाऊकच नसावे. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञा गद्य म्हणून वाचून पाहाव्यात. त्यांत शिवी नाही, आक्रोश नाही. आरंभी नकारार्थी वाक्यांची सरळ रांग आहे आणि तिच्यातूनच पुढे आचरणाचे नियम निघतात. (भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात वसली, तो जिल्हा त्या दिवशी नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता; ताटातूट झाली ती पुढे १ नोव्हेंबरला. येथील मराठी मंडळींच्या गप्पांत 'मराठा'तील कोट्या अजून रंगतात, प्रतिज्ञांचा विषय क्वचितच निघतो.)

मग चौथा संताप कोठे आहे? नारायण सुर्व्यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म'ने १९६२ मध्ये कामगाराला मराठी कवितेत मानाने आणले. त्याच्या दोनच वर्षे आधी, जुलै १९६० मध्ये, महागाईभत्त्यासाठी केंद्र सरकारच्या नोकरांनी पाच दिवस देशव्यापी संप केला होता. सरकारने वटहुकूम काढून तो बेकायदा ठरविला. निलंबने झाली, बडतर्फ्या झाल्या. मराठी साहित्यात मात्र कारकून बहुधा हास्यास्पद तरी असतो किंवा केविलवाणा तरी, संतापलेला नसतो. सेवानियमांची धास्ती हे कारण पुरेसे नाही. चिंतामणरावांची भाषा कोणत्या शिस्तीत घडली? ती शिस्त आपलीच.

भिलाईत तरी विषयांची उणीव नाही. २८ सप्टेंबर १९९१ रोजी कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची येथे झोपेत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. याच शहरात त्या दिवशी हजेरीपटावर नित्याप्रमाणे सह्या करणारे मराठी कारकूनही होते. त्यांच्यापैकी एखाद्याची कथा लिहायला अत्र्यांचा आवाज लागणार नाही. तारीख, वेळ, मागणी काय होती, हुकूम कोणाचा, आणि सही करणारा हात त्या क्षणी कोणत्या कागदावर होता, इतके पुरे.