एकांत आणि एकांतकोठडी : मराठी तुरुंगवाङ्मय आपण कसं वाचतो?

आजचा विषय एकांतकोठडीच्या शिक्षेचा आहे. ती नैतिक आहे का, असा प्रश्न आहे. पण आम्ही सुरुवात कायद्यापासून करणार नाही, पुस्तकांपासून करणार आहोत. कारण आमचं म्हणणं असं, की या शिक्षेबद्दल मराठी माणसाचं जे मत असतं, ते त्याने कायदा वाचून बनवलेलं नसतं. ते शाळेतल्या धड्यांतून, पुण्यतिथीच्या भाषणांतून बनलेलं असतं. तुरुंग म्हणजे तपोभूमी, हे वाक्य आपण सगळ्यांनी किती वेळा ऐकलंय! टिळक मंडालेला गेले आणि ‘गीतारहस्य’ झालं. विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि ‘गीताप्रवचने’ झाली. साने गुरुजी नाशिकला होते आणि ‘श्यामची आई’ झाली. यातून एक समज तयार होतो, की माणसाला एकटं कोंडलं की तो अंतर्मुख होतो आणि त्याच्या हातून काहीतरी मोठं घडतं.

हा समज तपासून पाहिला तर काय दिसतं?

टिळकांना 1908 साली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. ‘गीतारहस्या’चा खर्डा त्यांनी 1910-11च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने, काही महिन्यांत लिहून काढला. त्यांचे हाल झाले नाहीत असं आम्ही म्हणत नाही. मधुमेह होता, उन्हाळा भयंकर होता, आणि 1912 मध्ये पत्नी गेली तेव्हा ते तिथेच होते. पण त्यांच्याजवळ शेकडो पुस्तकं होती. घरची पत्रं येत-जात होती. स्वयंपाकाला एक मराठी कैदी सोबत दिलेला होता, म्हणजे दिवसातून चार शब्द आपल्या भाषेत बोलायला माणूस होतं.

धुळ्याचं उदाहरण तर उलटंच आहे. 1932 साली विनोबा दर रविवारी एकेका अध्यायावर बोलत आणि सहकैदी ऐकायला बसत. साने गुरुजी ते उतरवून घेत. म्हणजे ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक एक बोलणारा, एक लिहिणारा आणि बाकीचे ऐकणारे असल्यामुळे झालं. विनोबांना त्या काळात कोठडीत एकटं ठेवलं असतं, तर हे पुस्तक आपल्याकडे असतं का? ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिची मांडणी बघा. रात्री प्रार्थनेनंतर मित्र जमतात, श्याम सांगतो, ते ऐकतात. पुस्तकाची रचनाच ऐकणाऱ्यांच्या घोळक्याभोवती उभी आहे.

तेव्हा तपोभूमीचे हे आपले नेहमीचे तीनही दाखले एकांतकोठडीचे नाहीत. ते बंदिवासाचे आहेत, आणि बंदिवासातही शिल्लक राहिलेल्या संगतीचे आहेत.

मग खऱ्या एकांतकोठडीचं मराठीतलं पुस्तक कोणतं? ते सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’, 1927 सालचं. लेखकाच्या राजकारणाबद्दल या सभागृहात दोन तट असतील. आज तो वाद नको. पुस्तक काय साक्ष देतं, एवढंच पाहू. अंदमानचं सेल्युलर जेल 1906 च्या सुमारास बांधून पूर्ण झालं. मध्ये मनोरा, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या सात इमारती. त्यांची ठेवण अशी, की एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसरीच्या पाठीकडे. कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये, यासाठी हे केलेलं. जवळजवळ सातशे कोठड्या आणि प्रत्येकीत एक माणूस. नावातच ‘सेल’ आहे, कारण तो तुरुंग एकेकट्या कोठड्यांचा म्हणूनच बांधला होता.

1911 साली सावरकर तिथे गेले आणि सुरुवातीचे महिने त्यांना वेगळं ठेवलं गेलं. सख्खा थोरला भाऊ त्याच तुरुंगात, पण भेट नाही. आता या पुस्तकातलं आपण काय लक्षात ठेवतो? भिंतीवर कोरलेल्या कविता. त्या ओळी त्यांनी पाठ केल्या, त्यातून ‘कमला’ आली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण त्याच पुस्तकात लेखकाने आत्महत्येच्या विचारांशी झालेली झुंजही लिहून ठेवली आहे. तो भाग भाषणात येत नाही. एकमेकांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून कैदी काय काय युक्त्या करत, पकडले गेल्यावर काय शिक्षा होत, त्याची वर्णनंही पुष्कळ आहेत. माणसं शिक्षा पत्करून बोलत होती, याचा अर्थ न बोलणं त्या शिक्षेहून जड होतं.

आणि जे पुस्तक लिहू शकले नाहीत त्यांचं काय? इंदुभूषण रॉय या तरुण क्रांतिकारकाने 1912 मध्ये त्याच तुरुंगात गळफास लावून घेतला. उल्लासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागलं. दोघेही शिकलेले, ध्येयासाठी मरायला तयार असलेले. म्हणजे मन खंबीर असलं की कोठडी सोसते, हेही खरं नाही. आपण वाचतो ती पुस्तकं वाचलेल्यांची असतात. तग धरून बाहेर आलेल्या एकाच्या पुस्तकावरून कोठडीची पारख करणं म्हणजे बुडत्या होडीतून पोहून आलेल्या एकाला बघून, होडी चांगली होती म्हणण्यासारखं आहे.

या गोंधळाच्या मुळाशी एक शब्द आहे असं आम्हाला वाटतं. तो म्हणजे ‘एकांत’. मराठीत एकांत हा चांगला शब्द आहे. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, ते एकांतासाठी. पण ते आपल्या पायांनी जात आणि आपल्या पायांनी उतरून कीर्तनाला उभे राहत. एकांताला जाणं आपल्या हातात असतं, परतणंही आपल्या हातात असतं. कोठडीत या दोन्ही गोष्टी नसतात. तिला एकांत म्हणणं म्हणजे सक्तीच्या उपासमारीला एकादशी म्हणणं!

ही चूक फक्त आपलीच नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1829 मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी सुरू झाली. क्वेकर पंथाच्या सज्जन माणसांच्या विचारातून ती आली. गुन्हेगाराला एकटं ठेवा, त्याला बायबल द्या, तो पश्चात्ताप करील, असा त्यांचा विश्वास. पेनिटेन्शरी या शब्दातच प्रायश्चित्त आहे. तिचीही रचना मध्यापासून फुटणाऱ्या आऱ्यांची. 1842 साली चार्ल्स डिकन्स ती पाहायला गेला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात या पद्धतीचा कडक निषेध केला. शरीराच्या छळापेक्षा मनाचा हा छळ अधिक वाईट, कारण त्याचे वण दिसत नाहीत, असा त्याचा रोख होता. पुढे स्टुअर्ट ग्रासियन या मानसोपचारतज्ज्ञाने 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या अशा कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. बारीकसा आवाजही सहन न होणं, भास होणं, विचार एकसंध न राहणं, स्वतःला इजा करणं, अशा तक्रारी त्याने नोंदवल्या. हेतू सज्जनांचा असो की सूड घेणाऱ्यांचा, माणसाच्या मेंदूला तो कळत नाही.

आता कायद्याकडे येऊ. आपल्या कायद्यात ही शिक्षा होती आणि आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 73 आणि 74 ही कलमं होती. सक्तमजुरीच्या शिक्षेचा काही भाग एकांतकोठडीत काढण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकत असे. एकूण मर्यादा तीन महिने. सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही, मध्ये तेवढीच विश्रांती. मूळ शिक्षा तीन महिन्यांहून मोठी असेल तर एका महिन्यात सात दिवसांहून जास्त नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. गुलामीच्या खुणा पुसतो असं सांगत ती आली. पण या दोन तरतुदी कलम 11 आणि 12 म्हणून जशाच्या तशा राहिल्या. अंदमान हे ज्यांच्या दृष्टीने तीर्थक्षेत्र आहे, त्यांनाही ही कलमं खटकली नाहीत. तपोभूमीच्या भाषेचा हा परिणाम आहे, असा आमचा आरोप आहे.

तरीही या कलमांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांत दिवस मोजलेले आहेत. 1860 सालच्या इंग्रज सरकारलासुद्धा ठाऊक होतं, की ही गोष्ट मोजून मापून द्यायची आहे. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी नेल्सन मंडेला नियम मान्य केले. दिवसाचे बावीस तास किंवा अधिक, माणसांशी अर्थपूर्ण संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतकोठडी, आणि सलग पंधरा दिवसांपुढे ती निषिद्ध, असं त्यांत आहे.

खरी अडचण पुढे आहे. दिवस मोजले जातात ते या गोष्टीला शिक्षा म्हटलं तरच. दुसरं नाव दिलं की मोजणी थांबते.

सुनील बत्रा हा तिहारमधला फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्याचं अपील चालू होतं, तरी त्याला एकटं ठेवलं होतं. तुरुंगाचं म्हणणं, ही शिक्षा नव्हेच, 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 30 प्रमाणे केलेली व्यवस्था आहे. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे मान्य केलं नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचं निकालपत्र त्यात गाजलं. अपील आणि दयेचा अर्ज हे सगळे मार्ग संपेपर्यंत माणूस त्या कलमापुरता ‘फाशीचा कैदी’ होत नाही, आणि ते कलम एकांतकोठडीची परवानगी देतच नाही, असं ठरलं.

हा निकाल झाल्यावर काय झालं? बेळगावजवळचा हिंडलग्याचा तुरुंग सीमाभागातल्या लोकांना माहीत आहेच. तिथे बी. ए. उमेश या फाशीच्या कैद्याला 2006 पासून 2016 पर्यंत एकटं ठेवलं गेलं. चौदा दिवस नव्हे, दहा वर्षं! 2022 च्या नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने याच कारणावरून त्याची फाशी रद्द केली आणि किमान तीस वर्षं सुटका नाही अशी जन्मठेप दिली. हा माणूस बलात्कार आणि खून यांत दोषी ठरलेला आहे. आम्ही मुद्दाम हे उदाहरण घेतलं. टिळक-सावरकरांबद्दल हळहळणं सोपं आहे. ज्याच्याबद्दल हळहळ वाटत नाही त्याच्या बाबतीत नियम पाळला जातो का, यावर तो नियम आहे की नाही ते ठरतं.

दुसरं नाव ‘सुरक्षा’. महाराष्ट्रातल्या मोठ्या तुरुंगांत अंडा सेल आहेत, ते आपण बातम्यांत वाचतो. अरुण फरेरा यांनी नागपूरच्या अंडा बराकीबद्दल ‘कलर्स ऑफ द केज’ या 2014 सालच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं आहे. ते तिथे होते ते कच्चे कैदी म्हणून. म्हणजे गुन्हा शाबित व्हायचा होता. शाबित झालेल्याला चौदा दिवसांचं बंधन, आणि कच्च्या कैद्याला ‘सुरक्षेसाठी’ म्हटलं की कोणतंही बंधन नाही, हा कुठला न्याय?

आता तुम्ही विचाराल, की जो कैदी दुसऱ्यावर हल्ला करतो त्याचं काय करायचं? किंवा ज्याच्या जिवाला इतर कैद्यांपासून धोका आहे त्याचं? प्रश्न रास्त आहे. तुरुंग चालवणारा शिपाईही माणूस आहे, त्याला जीव आहे. त्याला वेगळं ठेवा. पण वेगळं ठेवणं आणि एकटं पाडणं यांत फरक आहे. वेगळ्या ठेवलेल्या माणसाला पुस्तक देता येतं, वकील भेटू शकतो, घरचे जाळीआडून बोलू शकतात, डॉक्टर रोज येऊ शकतो, अंगणात फिरवता येतं. यातल्या कशानेही सुरक्षा बिघडत नाही. आणि हे सगळं काढून घेतल्यावर जे उरतं, त्याने सुरक्षा वाढत नाही, फक्त माणूस मोडतो. मोडलेला माणूसच उद्या बराकीत किंवा समाजात परत येणार असतो.

म्हणून आमचं मागणं तीन गोष्टींचं आहे. पहिली गोष्ट, नव्या संहितेतली ही कलमं रद्द व्हावीत. दुसरी, ती होईपर्यंत, नाव काहीही द्या, दिवसाचे बावीस तास एकट्या असलेल्या प्रत्येक कैद्याचे दिवस मोजले जावेत, आणि पंधरा दिवसांच्या आत त्याचं प्रकरण तुरुंगाबाहेरच्या न्यायाधीशापुढे जावं. अंधारात वर्षं जातात ती कोणी मोजत नाही म्हणून. तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून तुरुंग म्हणजे तपोभूमी म्हणालं, तर त्याला धुळ्याच्या त्या रविवारांची आठवण द्यावी. तिथे ऐकायला माणसं होती. आणि इंदुभूषणचं नावही सांगावं.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील ते जरूर विचारा.