अभिमन्यूला आत कोणी पाठवलं?

मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन पोरं थांबली आणि म्हणाली, "सर, ‘इव्हँजेलियन’ बघून झाली. आता तशीच दुसरी सांगा." आर्णीत बसून जपानी मालिका बघणारे आहेत आणि त्याबद्दल तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तराला विचारणारेही आहेत, याचा मला आनंद झाला. पण ‘तशीच’ म्हणजे कशी? सारखेपणा नेमका कशात बघायचा? आजचा विषय एवढाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अवाढव्य यंत्रमानव आणि तो चालवणारा माणूस, अशा जपानी मालिकांना ‘मेका’ म्हणतात. चालवणारा बहुतेक वेळा चौदा-सोळा वर्षांचा असतो. आधी हा मुलगा यंत्राच्या बाहेर होता. १९५६ साली सुरू झालेल्या मित्सुतेरु योकोयामांच्या चित्रकथेत, महायुद्धासाठी बनवलेला ‘तेत्सुजिन २८’ एक मुलगा रिमोटने चालवतो. रिमोट ज्याच्या हाती, यंत्र त्याचं. १९७२ मध्ये गो नागाईंच्या ‘माझिंगर झेड’ने मुलाला यंत्राच्या डोक्यात बसवलं. तिथे यंत्र आजोबांनी बनवलेलं. १९७९ च्या ‘मोबाइल सूट गंडम’मध्ये ते बापाच्या हातचं, आणि समोरचा शत्रूही माणूसच. १९९५ च्या हिदेआकी आन्नोंच्या ‘इव्हँजेलियन’मध्ये बाप स्वतःच मुलाला बोलावून घेतो आणि म्हणतो, बस.

आता बघा, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? अभिमन्यू आठवा. पोटात असताना चक्रव्यूह ऐकला, आईला झोप लागली, अर्धंच ज्ञान मिळालं, हे आपल्याला पाठ आहे. पण द्रोणपर्वात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण विसरतो. सोळा वर्षांचा तो पोरगा युधिष्ठिराला आधीच सांगतो की, मला आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. हे ऐकूनही मोठे त्याला पाठवतात. आम्ही मागोमाग येतो, म्हणतात. जयद्रथ त्यांना अडवतो आणि पोरगा आत एकटा पडतो. आपण त्याचं शौर्य गातो. पाठवणाऱ्यांची चर्चा करत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. यंत्र किती मोठं, लढाई किती झकास, हे सोडा. मुलाला आत कोणी बसवलं आणि त्याला ‘नाही’ म्हणायची सोय होती का, एवढं विचारा.

शिंजी आधी ‘नाही’च म्हणतो. मग बाप जखमी रेईला स्ट्रेचरवरून आणवतो. तू नाही, तर ही. तेव्हा तो ‘हो’ म्हणतो. याला संमती म्हणायचं का? मी म्हणणार नाही. मालिकेचे पुढचे सगळे भाग त्या एका ‘हो’ची किंमत मोजतात, म्हणून ती मोठी.

या कसोटीवर तीन नावं सांगतो.

पहिलं, ‘एटी-सिक्स’, २०२१. एक प्रजासत्ताक जाहीर करतं की आमची युद्धयंत्रं मनुष्यविरहित आहेत, त्यामुळे आमचा एकही माणूस मरत नाही. यंत्रांत मुलं असतात. पण त्यांना माणसांच्या यादीतून आधीच काढलेलं आहे. भिंतीआड सुरक्षित बसून त्यांना आदेश देणारी लेना मनाने चांगली आहे, सहृदय आहे. एके दिवशी त्यातला एक मुलगा तिच्यावर भडकतो. तू आमची खरी नावंही कधी विचारली नाहीस, असं सुनावतो. सहृदय माणसाचं इतकं नेमकं परीक्षण मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

दुसरं, ‘गंडम’ परंपरेतलीच ‘आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’, २०१५ ते २०१७, पन्नास भाग. मंगळावरच्या अनाथ पोरांच्या पाठीच्या कण्यात एक जोडणी बसवतात, ती लहान वयातच बसते. तिचं नाव ऐका, ‘आलयविज्ञान’. हा आपला शब्द! असंग-वसुबंधूंच्या योगाचार बौद्ध दर्शनातला. आलय म्हणजे कोठार. प्रत्येक कर्माचं बीज जिथे साठतं, ती जाणीव. मालिकेत मिकाझुकीचा उजवा डोळा आणि हात निकामी होतात, फक्त यंत्राला जोडल्यावर चालतात. म्हणजे काय, तर कर्म मोठ्यांचं आणि कोठार पोराच्या शरीरात. हे नाव नुसतं शोभेसाठी घेतलं असेलही, पण ते चपखल बसलं आहे.

तिसरं, ‘बोकुरानो’, २००७. समुद्रकाठच्या शिबिरातली मुलं खेळ समजून करार करतात. मग कळतं की यंत्र चालवणाऱ्याच्या प्राणावर चालतं. जिंकला तरी मरणार. ही शेवटी बघा, आणि मन खचलेलं असताना बघू नका.

एक नाव मी शिफारशीत घेत नाही, ‘डार्लिंग इन द फ्रँक्स’, २०१८. सुरुवात उत्तम आहे. मुलांना वाढवायचं ते यंत्रासाठीच, असं जग उभं केलंय. पण शेवटाकडे परग्रहावरचे शत्रू येतात आणि सगळा दोष त्यांच्यावर जातो. मोठी माणसं सुटतात. ही पळवाट आहे.

कोणी म्हणेल, सर, कार्टूनचं एवढं काहून मनावर घेता? आपल्या जिल्ह्याचं नाव बाहेर कशासाठी निघतं, तुम्हाला ठाऊक आहे. बाप गेल्यावर बारावीतल्या पोराला तेराव्याच्या दिवशी लोक सांगतात, "आता घर तुलाच सांभाळायचं." मायेनेच सांगतात. पीककर्ज, सावकार, बहिणीचं लग्न, यातलं काहीच त्याने उभं केलेलं नसतं. पोरगं ‘हो’ म्हणतं. आपण त्याला कर्ता झाला म्हणतो आणि आपापल्या घरी जातो. मागोमाग येतो, असं आपणही म्हटलेलं असतं.

म्हणून जी मालिका पाठवणाऱ्यांकडे बोट दाखवते, तीच ‘तशीच’. जुनी ‘गंडम’ बघायची असेल, तर त्रेचाळीस भागांऐवजी १९८१-८२ चे तीन संकलित चित्रपट बघा. सुरुवात ‘एटी-सिक्स’ने करा आणि लेनाकडे लक्ष ठेवा. आपल्यातले बहुतेक जण तिच्या जागी बसलेले आहेत.

आता प्रश्न घेऊ. मागची पोरं आधी.