‘इओ कापितानो’ : एक परीक्षण

इटलीचे दिग्दर्शक मात्तेओ गार्रोने यांच्या ‘इओ कापितानो’ या चित्रपटास २०२३ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. डाकारमधील सेदू व मूसा हीं सोळा वर्षांचीं नात्यांतलीं भावंडें घरीं न सांगतां निघतात आणि माली, नायजर, सहारा व लिबिया ओलांडून इटलीची वाट धरतात, एवढेंच कथानक. घरीं दारिद्र्य आहे, पण उपासमार नाहीं. मुलांना युरोपांत जाऊन गायक व्हावयाचें आहे. दिग्दर्शकांनीं हें लपविलें नाहीं, याचें आम्हांस विशेष मोल वाटतें. भुकेल्याची दया येणें सोपें. केवळ आकांक्षेपायीं संकटांत पडलेल्याविषयीं ती उत्पन्न करणें कठीण.

वाळवंटांत कोसळलेल्या एका स्त्रीस सेदू वाचवूं शकत नाहीं. पुढें तीच त्याचा हात धरून हवेंत तरंगत येते. हें दृश्य दुःखावर मुलामा चढवितें, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाहीं. तें दृश्य वाळवंटाचें नसून सेदूच्या मनाचें आहे. तिला मागें टाकून आल्याची टोंचणी त्यावांचून दिसती ना. तुरुंगांत पंखधारी दूत आईची भेट घडवितो, तें दुसरें स्वप्न मात्र ओढूनताणून आणलेलें वाटतें.

शेवटाविषयीं आमचा मतभेद अधिक गंभीर आहे. जन्मांत कधीं सुकाणू न धरलेल्या सेदूच्याच हातीं दलाल खच्चून भरलेली बोट सोंपवितो. किनारा दृष्टीस पडतो, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालतें, आणि तो हर्षानें ओरडतो, ‘मी कप्तान!’ चित्रपट येथेंच थांबतो. परंतु इटलीच्या कायद्यानें अशी बोट हांकणारा गुन्हेगार ठरूं शकतो; म्हणजे तो जयघोष हाच त्याचा कबुलीजबाब. ज्यांस हें ठाऊक नाहीं ते प्रेक्षक टाळ्या वाजवून उठतील. दिग्दर्शकांचें हें मौन आम्हांस उणीव वाटतें. एका दृश्यानेंही तें भरून निघालें असतें.

तरीही सेदू सारच्या निर्व्याज अभिनयासाठीं हा चित्रपट अवश्य पाहावा. विशेषतः ज्यांचीं मुलें परदेशीं शिकावयास जातात अशा कुटुंबांनीं. आपल्या मुलांच्या व या मुलांच्या आकांक्षेंत पारपत्राखेरीज फारसें अंतर आम्हांस दिसलें नाहीं.