रोजी एक द्राख्मा

रक्षक देवदूत म्हटला की आमच्या घरांतील भिंतीवरचे एक चित्र डोळ्यांपुढे येते : मोडक्या साकवावरून चाललेली दोन बालके आणि त्यांच्यामागे पंख पसरून उभा असलेला दूत. चित्र गोड आहे. देवदूत सेवेसाठी पाठविलेले आत्मे आहेत असे इब्री लोकांस पत्र सांगते. परंतु ती सेवा प्रत्यक्षात कशी घडते हे पाहायचे तर जुन्या करारातील तोबितचा ग्रंथ उघडावा. चौदा अध्यायांची ही कथा प्रोटेस्टंट परंपरा प्रमाण मानीत नाही. आपल्या ख्रिस्तसभेने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, १५४६ साली, तिचे स्थान पक्के केले.

निनवेत हद्दपारीत राहून मृतांना गुपचूप मूठमाती देणारा तोबित आंधळा होतो. बायको अन्ना विणकाम करून संसार रेटते, आणि तिला बक्षीस मिळालेल्या करडावरून नवराबायकोचे कडाक्याचे भांडण होते. तिकडे मेदिया देशात लग्नाच्या रात्रीच सात नवरे गमावलेली सारा मोलकरणीचे टोमणे ऐकून मरण मागते. दोघांची प्रार्थना एकाच वेळी ऐकली जाते व राफाएल पाठविला जातो. येऊन तो काय करतो? चाकरी धरतो. आपल्याकडे सोयरीक जुळविताना विचारतात तसे तोबित त्याचे कूळ विचारतो, आणि मगच मुलाचा वाटाड्या म्हणून रोजी एक द्राख्मा व वाटखर्च ठरवितो. मुलगा निघताना अन्ना रडू लागते, तेव्हा तोबित तिला धीर देतो की एक चांगला देवदूत त्याच्या सोबत असेल. तो दूत त्यांच्याच घरातून मुलाबरोबर बाहेर पडलेला असतो! ग्रंथकाराचा हा मिस्कीलपणा आम्हांस फार आवडतो.

नदीवर मासा तोबियावर झेपावतो, तेव्हा राफाएल त्याला मारीत नाही. तूच पकड, असे सांगतो. माशाचे पित्त बापाच्या डोळ्यांना लावतो तोही मुलगाच. दूत स्वतः करतो ती कामे दोन : दुष्टात्म्याला दूर मिसरात बांधणे, जे कोणीच पाहत नाही, आणि तोबिया लग्नाच्या मेजवानीत गुंतल्यामुळे चार नोकर व दोन उंट घेऊन रागेसला जाऊन बापाची ठेव सोडवून आणणे. देवाच्या सन्मुख उभा राहणारा, सातांतील एक, हातात ठेवीची चिठ्ठी घेऊन सावकारी कामाला निघतो. आम्हांस सबंध ग्रंथातील हे सर्वांत धीट चित्र वाटते.

तो स्वतःचे नाव अजऱ्या सांगतो, हे खोटे नव्हे काय? 'परमेश्वराने साहाय्य केले' असा त्या नावाचा अर्थ आहे खरा, पण तेवढ्याने शंका पुरती फिटत नाही. मात्र खरे नाव कळते तर तोबिया हात जोडून उभा राहिला असता, आणि मासा निसटला असता.

याहून अवघड प्रश्न त्या सात नवऱ्यांचा. त्यांच्यासाठी कोणी वाटाड्या आला नाही. ग्रंथ त्यांच्याविषयी गप्प आहे. धर्मग्रामात ज्या घरचे लेकरू आजारातून उठले नाही, ते घर इथेच अडखळेल. त्याला घाईघाईने उत्तर देणे आम्हांस उचित वाटत नाही. एवढेच दिसते की शेवटी ओळख देताना राफाएल आपल्या सेवेची सुरुवात प्रवासापासून धरीत नाही. तोबित जेवणावरून उठून प्रेत पुरावयास गेला, तेव्हाही आपण त्याच्या सोबत होतो, असे तो सांगतो. म्हणजे डोळे गेले त्याच्याही आधीपासून.

बापलेक त्याला आणलेल्या धनाचा अर्धा वाटा देऊ करतात. तो घेत नाही, घडले ते लिहून ठेवा म्हणतो आणि दिसेनासा होतो. ठरलेले द्राख्मेही घरातच राहतात.