वाहत्या पाण्याचा वारसदार : मुळशी सत्याग्रहाच्या इतिहासलेखनाची इंदुरीच्या काठावरून चिकित्सा

प्रस्तावना

मावळ परिसरातील पाण्याच्या तंट्यांविषयी मराठीत जे गंभीर लेखन झाले आहे, त्यात मुळशी सत्याग्रहावरील (१९२१-१९२४) लेखनाला अग्रस्थान द्यावे लागते. निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने बांधावयास घेतलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. या लढ्याच्या लेखनातील दोन ग्रंथ विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, स्वतः सत्याग्रहात अग्रभागी असलेल्या वि. म. भुस्कुटे यांचा 'मुळशी सत्याग्रह' (१९६८) आणि दुसरा, राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांचा याच विषयावरील ग्रंथ (१९९४). व्होरा यांच्या अभ्यासाची इंग्रजी आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हणून मुळशीची ओळख महाराष्ट्राबाहेर पोहोचली.

या लेखनपरंपरेने पाण्याच्या तंट्यात पक्षकार कोणाला मानले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. ही परंपरा जमिनीच्या हक्काची चिकित्सा करीत पुष्कळ दूर गेली, परंतु वाहत्या पाण्याच्या हक्कापाशी येऊन थांबली, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी इंद्रायणीच्या काठावरील इंदुरी हे गाव निकष म्हणून घेतले आहे. या गावाचा मुळशीच्या धरणाशी प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि, ज्या विद्युत योजनांच्या मालिकेत मुळशीचे धरण बसते, तिचा आरंभ इंदुरीच्या नदीच्या उगमापाशी झाला.

भुस्कुटे ते व्होरा : 'शेतकरी' या संज्ञेची फोड

भुस्कुटे यांच्या लेखनाचे बळ प्रत्यक्ष सहभागात आहे. त्यांच्या ग्रंथात लढ्याची धग, नेत्यांमधील मतभेद आणि तुरुंगवास यांचे जिवंत तपशील मिळतात. तथापि एका बाजूला कंपनी व सरकार आणि दुसऱ्या बाजूला जमीन वाचवू पाहणारा मावळा, अशी दोन पक्षांची मांडणी या प्रकारच्या लेखनात स्वाभाविकपणे प्रबळ ठरते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा याच मांडणीचे सार होय.

व्होरा यांनी ही दुहेरी मांडणी मोडली. मुळशी पेट्यातील अनेक जमिनी गहाणखताच्या वाटेने पुण्यातील सावकारांकडे गेल्या होत्या. जमीन कसणारा मावळा आणि कागदोपत्री तिचा मालक असलेला सावकार यांचे हितसंबंध एक नव्हते. मावळ्याला जमीनच हवी होती, कारण तिच्यावाचून जगण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते. सावकाराला मात्र जमिनीची किंमत चालणार होती. किंबहुना, १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारभाव आणि त्यावर सक्तीच्या संपादनापोटी शेकडा १५ टक्के जादा रक्कम मिळणार असेल, तर बुडीत खाती गुंतलेल्या भांडवलाची ती सोडवणूकच होती. लढ्याचे नेतृत्व शहरी होते आणि त्यातील एक प्रवाह वाढीव मोबदल्याकडे झुकला. या घटनेचा उलगडा व्होरा वैयक्तिक धरसोडीत न शोधता हितसंबंधांच्या रचनेत शोधतात. मराठी इतिहासलेखनाला हे त्यांचे मोठे देणे आहे. त्यांच्यानंतर 'शेतकऱ्यांचा लढा' हा शब्दप्रयोग निर्धास्तपणे करता येत नाही.

परंतु येथेच एक मर्यादाही दिसते. सावकार असो वा मावळा, दोघांचेही स्थान जमिनीवरून ठरते. एकाकडे कागद आहे, दुसऱ्याकडे नांगर आहे. धरणाखालच्या काठावर राहणाऱ्यांपाशी या वादात दाखविण्यासाठी दोन्ही नाहीत. त्यांची जमीन बुडत नाही, म्हणून ती संपादित होत नाही आणि संपादन नाही म्हणून मोबदल्याचा प्रश्नही उद्भवत नाही. पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यावाटे पश्चिमेला भिरा येथील वीजगृहाकडे उतरविले गेले. ते वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. खालच्या मुळेकाठाला याचा काय अर्थ होता, हा प्रश्न या लेखनाच्या मध्यभागी येत नाही. ही व्होरा यांच्या परिश्रमातील उणीव नव्हे. ज्या कायद्याने वाद निर्माण केला, त्याच कायद्याच्या संज्ञांनी वादाची कक्षा आखून दिली आणि अभ्यासकाने ती कक्षा स्वीकारली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

अ‍ॅमस्टरडॅमचे उदाहरण

दप्तरामुळे तंट्याची कक्षा कशी ठरते, हे सतराव्या शतकातील अ‍ॅमस्टरडॅमच्या उदाहरणाने स्पष्ट होते. व्यापाराने फुगलेल्या या डच शहराने १६१३ पासून तटाबाहेर विस्तार करून हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त व प्रिन्सेनग्राख्त हे प्रसिद्ध कालवे खोदले. त्यासाठी तटाबाहेरच्या जमिनी संपादन कराव्या लागल्या. फ्रान्स हेंड्रिक्सझोन उटगेन्स हा नगराध्यक्ष आणि त्याचा मेहुणा बार्थोल्ड क्रोमहाउट यांनी विस्ताराची पूर्वकल्पना असताना तेथील जमिनी आधीच खरेदी करून ठेवल्या होत्या. पुढे मोबदल्याच्या व आखणीच्या वादात जमीनमालक आणि शहराचा कारभारी या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्या. कॉर्नेलिस पीटरझोन होफ्ट या दुसऱ्या नगराध्यक्षाने या व्यवहारावर कठोर टीका केली. ती टीका शहराच्या इतिहासात टिकून राहिली.

हा तंटा आज सविस्तर सांगता येतो, कारण त्यातील दोन्ही पक्ष लिहिणारे, मालमत्ता असणारे आणि नगरसभेत बसणारे होते. तटाबाहेरच्या झोपड्यांत राहणाऱ्या गरिबांनाही या विस्तारामुळे हलावे लागले, परंतु त्यांचे म्हणणे त्याच तपशिलाने उरलेले नाही. श्रीमंतांच्या कालव्यांसाठी जुनी शेते पुसून नवी आखणी झाली. शेजारच्या जॉर्डान या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मात्र जुन्या शेतांच्या चरांवरूनच गल्ल्या व कालवे काढण्यात आले. तेथील वाकडी रेषा आजही नकाशावर दिसते. उटगेन्सचा तंटा कागदावर राहिला आणि शेतकऱ्याचा चर जमिनीवर राहिला. पुण्याचा सावकार आणि मुळशीचा मावळा यांच्यातील नाते याहून फार वेगळे नाही. व्होरा यांची कामगिरी हीच की त्यांनी कागदाबरोबर चरही वाचला. परंतु चर वाचल्यानंतर त्यातून वाहणारे पाणी कोणाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

इंदुरीचा काठ

इंदुरी हे मावळ तालुक्यातील इंद्रायणीकाठचे गाव. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांच्या काळातील भुईकोट किल्ल्यामुळे इतिहासात त्याचे नाव आढळते. तेथून नदी देहूकडे व पुढे आळंदीकडे जाते. मराठी मनाला इंद्रायणी परिचित आहे ती या दोन क्षेत्रांमुळे. तिचा उगमाकडचा भाग मात्र वेगळ्याच हिशेबात जमा झालेला आहे. लोणावळा व वळवण येथील तलावांचे पाणी घाटाखाली नेऊन ५०० मीटरहून अधिक उंचीच्या उताराच्या बळावर खोपोली येथे वीज निर्माण करण्याच्या योजनेचा पायाभरणी समारंभ १९११ मध्ये झाला. १९१५ मध्ये ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. इंद्रायणीची उपनदी असलेल्या आंद्रेवर ठोकळवाडी येथे धरण झाले आणि त्याचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहाकडे वळले. ते वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. मुळशीचा सत्याग्रह सुरू होण्यापूर्वीच इंद्रायणीच्या खोऱ्यातील पावसाचा काही वाटा कोकणात उतरू लागला होता. त्या वाट्यावर खालच्या गावांचा काही हक्क आहे काय, हा प्रश्न मुळशीसारख्या मोठ्या लढ्याचे रूप घेऊ शकला नाही.

पुढे पश्चिमेकडे वळविल्या जाणाऱ्या या पाण्याचा वाद कृष्णा पाणीतंटा लवादापुढे आला. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने १९७३ च्या व नंतर १९७६ च्या अहवालात या खोऱ्यातील पाण्याचे वाटप केले आणि पश्चिमेकडे वळविण्यावर मर्यादा घातली. तेथे पाण्याचा हक्क वाहत्या पाण्याचा म्हणून मान्य झाला, परंतु पक्षकार होती राज्ये. गाव हा त्या वादातील घटक नव्हता. मुळशीच्या वादात पक्षकार होण्यासाठी जमीन लागत होती, लवादापुढे राज्य असावे लागत होते. इंदुरीसारख्या गावाला दोन्ही दारे बंद होती.

या संदर्भात ९ ऑगस्ट २०११ ची घटना पाहिली पाहिजे. पवना धरणातील पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवड शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी बऊर येथे द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले आणि योजनेचे काम त्यानंतर अनेक वर्षे थांबले. या विरोधात जमिनीचा प्रश्न होताच. परंतु त्याबरोबर आणखी एक म्हणणे होते. धरणातून सुटलेले पाणी पात्रातून वाहते, तोवर काठावरच्या विहिरी आणि उपसा योजना जगतात. तेच पाणी नळात शिरले, की शहराला मिळणारे पाणी तेवढेच राहील, पण नदी राहणार नाही. मुळशीच्या घोषणेत ज्याला शब्द मिळाला नव्हता, तो प्रवाहाचा हक्क येथे उच्चारला गेला.

इंद्रायणीवर या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. आंद्रा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून खाली आणून निघोजे येथे शहरासाठी उचलण्याची व्यवस्था झाली आहे. येथे नळ नाही, म्हणून पवनेच्या काठासारखी भीती नाही. पण पात्र हाच कालवा झाला आहे. जे पाणी इंदुरीवरून जाते, त्याचा धनी खाली ठरलेला आहे. काठावरच्या माणसाला पाणी दिसते, ते त्याच्या नावावर मात्र नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने कुळे, शेतमजूर आणि मच्छीमार यांनाही बाधित कुटुंबांत स्थान दिले. ही सुधारणा मोठी आहे. तथापि तिचीही सुरुवात संपादनापासूनच होते. जेथे काहीच संपादित होत नाही, तेथे बाधितही कोणी ठरत नाही.

निष्कर्ष

भुस्कुटे यांनी लढ्याची साक्ष दिली, व्होरा यांनी त्या साक्षीतील 'शेतकरी' या शब्दाची फोड केली. या दोन टप्प्यांनंतरचा तिसरा टप्पा मराठी अभ्यासाला गाठावयाचा आहे. जमीन कोणाची, या प्रश्नाबरोबर प्रवाह कोणाचा, हा प्रश्न विचारणे, हा तो टप्पा होय. त्यासाठी भूसंपादनाची दप्तरे पुरेशी नाहीत. काठावरच्या विहिरींची पातळी, उपसा योजनांच्या नोंदी, ग्रामसभांचे ठराव आणि नदीवर जगणाऱ्यांच्या तोंडी आठवणी ही या अभ्यासाची साधने ठरतील. व्होरा यांची पद्धती यासाठी निरुपयोगी ठरत नाही, उलट हितसंबंध उकलण्याची तीच दृष्टी आता बुडीत क्षेत्राच्या रेषेखाली न्यावी लागेल.

बुडालेल्या गावाचा इतिहास लिहिणे कठीण असले, तरी निदान त्याची यादी सरकारी कागदांत असते. न बुडालेल्या, पण पाण्याला मुकण्याची शक्यता असलेल्या गावाचे नाव कोणत्याही यादीत नसते. इंदुरीसारख्या गावांना त्या यादीत आणणे हे मुळशीच्या इतिहासलेखनाचे पुढचे काम आहे.