‘समुद्रवराह’ : एका नामपरंपरेचें परीक्षण

पूर्व आशियांतील भाषांत डॉल्फिन या जलचरास जीं नांवें आहेत त्यांविषयीं एक विधान वारंवार करण्यांत येतें. तें असें कीं, चिनी लोक या प्राण्यास ‘समुद्रांतील डुकर’ म्हणतात, जपानी लोक तींच अक्षरें लिहितात, कोरिया व व्हिएतनाम येथील नांवांतही डुकर आहेच. सबब ही सर्व नामावळी एकाच चिनी मुळापासून निघाली आहे. विधान आटोपशीर असल्यामुळें ग्राह्य वाटतें. परंतु त्यांत लिपि व भाषा, तसेंच अर्थसाम्य व व्युत्पत्ति, यांची गल्लत झालेली आहे असें आमचें मत आहे. जुन्या लेखांशीं ज्यांचा संबंध येतो त्यांस ही गल्लत किती महाग पडते हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम चिनी पुरावा पाहूं. ‘हाय-थुन’ म्हणजे समुद्रवराह. आठव्या शतकांतील वैद्य छन त्सांग-छी यानें आपल्या औषधिग्रंथांत याची नोंद केली असून नदींत राहणाऱ्या जातीस ‘ज्यांग-थुन’, म्हणजे नदीवराह, म्हटलें आहे. या प्राण्याच्या चरबीचा दिवा जुगाराच्या पटावर उजळ जळतो व वाचनाच्या वेळीं मंद होतो, कारण आळशी स्त्रीच या प्राण्याच्या रूपास गेली, अशी लोकसमजूतही त्यानें दिली आहे. ली शी-चन याच्या १५९६ सालीं मुद्रित झालेल्या प्रसिद्ध ग्रंथांत हीच परंपरा पुढें चालली. येथपर्यंत डुकर निर्विवाद आहे. पण चिनींत नदीवाचक दुसरें अक्षर योजून ‘ह-थुन’ असाही शब्द होतो. त्याचाही अर्थ नदीवराहच. मात्र तो प्राणी डॉल्फिन नव्हे, तर समुद्रांतून यांगत्से नदींत चढणारा विषारी, पोट फुगविणारा मासा होय. केवळ अर्थावरून वाचणारा भाषांतरकार येथें सस्तन प्राण्याच्या जागीं विषारी मासा आणून बसवील.

आतां जपान. तेथें ‘समुद्रवराह’ हीं अक्षरें लिहितात खरीं, पण त्यांचा उच्चार ‘इरुका’ असा करतात. या उच्चारांत समुद्रही नाहीं व डुकरही नाहीं. इ. स. ७१२ मध्यें सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ ग्रंथांत त्सुनुगा येथील किनाऱ्यावर नाकें फुटलेले इरुका पडल्याची कथा आहे. तेथें लेखकानें योजिलेलीं अक्षरें ‘प्रवेश’, ‘हरिण’ व ‘मासा’ हीं आहेत. जपानींत ‘इरु’ म्हणजे शिरणें व ‘का’ म्हणजे हरिण. या दोन अक्षरांनीं उच्चार दाखविला आणि ‘मासा’ हें अक्षर केवळ ओळख पटविण्यासाठीं जोडलें. इ. स. ६४५ मध्यें मारला गेलेला प्रबळ सरदार सोगा नो इरुका याचें नांवही याच पहिल्या दोन अक्षरांनीं लिहितात. लेखकास अशी जुळणी करावी लागली, यावरून हा शब्द लिपीबरोबर आलेला नसून लोकांच्या तोंडीं आधींच होता हें उघड होतें. पोशाख चिनी, देह जपानी, असा हा प्रकार आहे. ‘फुगु’ हा शब्दही असाच ‘नदीवराह’ या अक्षरांखालीं झाकलेला आहे.

कोरियन ‘दोलगोरे’ या शब्दांत ‘गोरे’ म्हणजे देवमासा. पूर्वपद डुकरवाचक जुन्या ‘दोत’ शब्दाचें रूप आहे असें मानतात. आजच्या कानास मात्र तेथें ‘दोल’, म्हणजे दगड, ऐकूं येतो. व्हिएतनामी ‘का हेओ’ म्हणजे डुकरमासा. त्यांतील ‘हेओ’ हा दक्षिणेकडील शब्द असून उत्तरेकडे डुकरास ‘लोन’ म्हणतात. दोन्ही नांवें देशी शब्दांनीं घडलेलीं आहेत. त्यांत चिनी कल्पनेचें अनुकरण असूं शकेल; पण डुकराची उपमा हा त्याचा पुरावा नव्हे. डेन्मार्कांत शिंशुकास ‘समुद्रडुकर’ म्हणतात, आणि इंग्रजी ‘पॉरपॉइस’ हा शब्द जुन्या फ्रेंचांतील ‘डुकरमासा’ यापासून आला आहे. हीं नांवें चीनमधून गेलीं असें कोणी म्हणत नाहीं. गोल, चरबीदार अंगाचा व फुसफुसत श्वास घेणारा प्राणी पाहून निरनिराळ्या लोकांस डुकर आठवलें, यांत नवल तें काय?

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचें आहे. संस्कृत ‘शिशुमार’ शब्दापासून हिंदींत ‘सूंस’ झाला व तो गंगेंतील डॉल्फिनाचा वाचक राहिला; त्याच मुळाची मराठी ‘सुसर’ मगरीच्या वर्गांत गेली. येथें मूळ शब्द एक, पण प्राणी बदलला. तात्पर्य, उच्चार, अक्षर, अर्थ व वस्तु हीं चारही एकत्र प्रवास करतात असें गृहीत धरतां येत नाहीं. प्रत्येकाचा पुरावा स्वतंत्र तपासला पाहिजे.

ही केवळ शब्दांची चिकित्सा आहे असें कोणी समजूं नये. यांगत्से नदींतील शुभ्र डॉल्फिनाचें जुनें नांव ‘जी’. ‘एर-या’ या प्राचीन कोशांत तें आलें असून त्यावरील टीकाकार क्वो फू (इ. स. २७६ ते ३२४) यानें लांब अणकुचीदार तोंड, एकमेकांत बसणारे दात, कपाळावरील नाक, आवाज काढण्याची शक्ति व पिलें प्रसवणें हीं लक्षणें इतकीं नेमकीं दिलीं आहेत कीं प्राण्याविषयीं संशय उरत नाहीं. लोक त्यास ‘बाय-जी’, म्हणजे शुभ्र जी, म्हणत. दुंगथिंग सरोवरांतील नमुना मिळविणाऱ्या हॉय या अमेरिकन गृहस्थानें त्याचा अर्थ ‘पांढरें निशाण’ असा घेतला. निशाणास चिनींत ‘छी’ म्हणतात, आणि त्या काळच्या प्रचलित रोमन लेखनांत ‘जी’ व ‘छी’ यांत एका टिंबवजा खुणेचाच भेद असे. मिलर यानें १९१८ सालीं प्राण्यास ‘व्हेक्सिलिफर’, म्हणजे ध्वजधारी, हें शास्त्रीय नांव दिलें. पुढें चिनी लेखनांतही ‘श्वेतपक्ष’ अशा अर्थाचीं अक्षरें रूढ झालीं, आणि जुनें अक्षर पुन्हा पुढें आणण्याचें काम तेथील प्राणिशास्त्रज्ञांस करावें लागलें.

२००६ सालीं सहा आठवडे नदी धुंडाळूनही या जातीचा एकही प्राणी आढळला नाहीं. वस्तु डोळ्यांसमोर असेपर्यंत चुकीचें नांव वस्तूकडे पाहून सुधारतां येतें. वस्तु गेल्यावर तिची साक्ष लेखांतच उरते, आणि ती साक्ष वाचणाराच्या नेमकेपणावर अवलंबून राहते. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, पोथीचा वा कागदाचा वाचक असो किंवा कोशाचा कर्ता असो, त्यानें अक्षराचा अर्थ लावण्यापूर्वीं त्याचा उच्चार विचारावा, आणि उच्चार कळल्यावरही तो कोणत्या वस्तूचा हें पाहिल्यावांचून व्युत्पत्तीस हात घालूं नये.